पहिली मॅच अडीच महिन्यांवर आलीये, पिस्तूल आत्ताच घेऊ का?

वाचकाचं पत्र:

ताई, मी डोंबिवलीला राहते, वय ३६, बँकेत नोकरी. पाच महिन्यांपूर्वी हौस म्हणून १० मीटर एअर पिस्तूल शिकायला वरळीच्या रेंजवर जायला लागले आणि आता अगदी वेड लागलंय. क्लबचं पिस्तूल वापरते. अडीच महिन्यांनी माझी पहिली मॅच आहे. रेंजवरचे एक काका त्यांचं जुनं स्टायर एलपी १० मला ९५ हजाराला देतो म्हणतात, दुसरे एक जण म्हणतात घ्यायचं तर मोरिनीच घे, मिस्टर म्हणतात जुनं कशाला, कर्ज काढून नवीन घेऊ. एकाने तर सांगितलं की एअर पिस्तूल म्हणजे खेळणं, सरळ पॉइंट टूटूकडे, म्हणजे .२२ बोअरच्या खऱ्या गोळीच्या पिस्तुलाकडे, वळ. माझा पंजा लहान आहे, प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. पिस्तूल कुठलं घेऊ, शूज, शूटिंग ग्लासेस, अजून काय काय लागेल? मला तिथे हसं करून घ्यायचं नाहीये.
– गोंधळलेली नेमबाज, डोंबिवली

उत्तर:

अगं, आधी तुझं अभिनंदन, छत्तिसाव्या वर्षी नोकरी, घर, सेंट्रलची गर्दी हे सगळं सांभाळून तू वरळीपर्यंत येतेस आणि पाच महिन्यांत मॅचला नाव देतेस याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आणि हसं वगैरे काही होत नाही गं, फायरिंग लाइनवर प्रत्येकजण आपल्याच टार्गेटमध्ये बुडालेला असतो.

आता सरळ सांगते. मॅचच्या आधी पिस्तूल घेऊ नको. ना ९५ हजाराचं, ना नवीन. क्लबच्याच पिस्तुलावर खेळ. पैसे वाचव म्हणून नाही सांगत, अडीच महिन्यांत नवीन पिस्तूल हातात बसत नाही म्हणून सांगतेय. तोल वेगळा, ग्रिपचा कोन वेगळा, ट्रिगर वेगळा, आणि पाच महिन्यांत तुझ्या मनगटाला जी काही थोडीफार सवय लागलीये ती सगळी मोडून परत पहिल्यापासून सुरुवात करायची, तीही मॅचच्या तोंडावर. त्यापेक्षा ज्या पिस्तुलाचे गुणदोष तुला माहितीयेत ते बरं.

हे पटावं म्हणून थोडा हिशोब सांगते, कारण हा हिशोब मला कोणी सुरुवातीला सांगितला असता तर माझी दोन वर्षं वाचली असती. आपल्या टार्गेटवरचा टेन, म्हणजे दहा गुणांचं मधलं वर्तुळ, केवढा असतो, ११.५ मिलिमीटर, म्हणजे साधारण शर्टाच्या गुंडीएवढा. छर्रा ४.५ मिलिमीटरचा आणि त्याची कड नुसती रेषेला टेकली तरी वरचा गुण मिळतो, म्हणजे मध्यापासून ८ मिलिमीटरच्या आत लागलं की टेन, १६ च्या आत नऊ, २४ च्या आत आठ, ३२ च्या आत सात. आता हात हलतो ना, सगळ्यांचाच हलतो, अगदी ऑलिम्पिकवाल्यांचाही. अख्खा हात पिस्तुलासकट सरळ ५ मिलिमीटर बाजूला सरकला तर छर्रा पण ५ मिलिमीटरच सरकतो, टेन तो टेनच. पण मनगट मुरडलं आणि पुढची साईट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची पट्टी, मागच्या खाचेत नुसती १ मिलिमीटर बाजूला गेली तर काय होतं बघ, दोन साईटमधलं अंतर साधारण ३३-३४ सेंटिमीटर आणि टार्गेट १० मीटरवर, म्हणजे ती चूक तीसपट होऊन पोचते, ३० मिलिमीटर, सात! म्हणून कोच सारखे ओरडतात की फ्रंट साईट बघ, टार्गेट धूसर दिसू दे. आणि हे मनगट कशाने मुरडतं, तर एक ग्रिप आणि दुसरा ट्रिगर. पिस्तुलावर नाव कुठल्या कंपनीचं आहे याने काही मुरडत नाही.

तर ग्रिप. तुझा पंजा लहान म्हणतेस, आणि क्लबच्या पिस्तुलाला बहुतेक मिडियम ग्रिप असणार कारण ती सगळ्यांना जेमतेम चालते आणि नीट कोणालाच बसत नाही. रेंजवर एक गोष्ट करून बघ. पिस्तूल रिकामं आहे याची खात्री कर, तोंड टार्गेटकडे, नेहमीसारखं धर, हात उचल, डोळे मिट, दोन श्वास घे, डोळे उघड. साईट जिथल्या तिथे एका ओळीत दिसल्या तर ग्रिप बरी. फ्रंट साईट दरवेळी डावीकडे किंवा खाली पळालेली दिसली तर ग्रिप तुझ्या हाताची नाही, आणि मग तू साठच्या साठ शॉट मनगटाने ती ओढून जागेवर आणणार आणि चाळिसाव्या शॉटला मनगट दमणार. कोचला विचार, क्लबमध्ये त्याच मॉडेलची स्मॉल ग्रिप पडून आहे का, बऱ्याचदा कपाटात असते आणि कोणी काढत नाही. नसेल तर स्वतःची एक ग्रिप विकत घे, पिस्तुलाच्या मानाने ती फारच स्वस्तात पडते, मॅचच्या दिवशी क्लबच्या पिस्तुलाला लावायची आणि नंतर काढून घ्यायची. मॅचच्या आधी काही विकत घ्यायचंच असेल तर माझ्या मते ते हेच.

ग्रिप आली की ती कानस आणि पॉलिश पेपरने हाताप्रमाणे घासायची असते, जिथे पोकळ वाटतं तिथे पुट्टी भरायची. एकदम घासू नको, आज थोडं, मग दोनशे शॉट, मग परत थोडं. तळव्याखालची ती सरकणारी पट्टी, पाम रेस्ट, ती इतकी आवळू नको की हाताला मुंग्या येतील, मऊ हस्तांदोलन करताना जेवढा दाब असतो तेवढा पुरे. आणि ग्रिपने मनगटाला आधार दिलेला चालत नाही, तो नियम आहे, म्हणून मागच्या बाजूला हौसेने पुट्टी चढवू नको.

ट्रिगरचं मी माझ्याच अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्या मॅचच्या आठ दिवस आधी मी दुसऱ्याचं पिस्तूल विकत घेतलं होतं, त्याचा ट्रिगर असा लोण्यासारखा की मला वाटलं आता झालंच काम. मॅचच्या सकाळी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे सामानाच्या तपासणीला गेले, तिथे ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावतात, ट्रिगरने ते वजन उचलून धरायला लागतं, माझा सुटला. परत लावलं, परत सुटला. बाहेर व्हरांड्यात बसून कोणाचा तरी अॅलन की मागून स्क्रू फिरवला, पास झालं, पण आत गेल्यावर तो ट्रिगर माझ्या बोटाला ओळखीचाच नव्हता, पहिल्या वीस शॉटमध्ये अकरा वेळा मी तो ओढला, दाबला नाही. त्या दिवशी घरी जाताना मी रडले होते. म्हणून तू क्लबच्या पिस्तुलाचा ट्रिगर आत्ताच कोचसमोर वजन लावून बघ, ५००च्या काठावर ठेवू नको, ५१०-५२० ठेव, आणि एकदा ठेवला की मॅच होईपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नको. क्लबचं पिस्तूल चारजण वापरतात त्यामुळे कोणी ना कोणी स्क्रूशी खेळतंच, कोचला सांगून निदान शेवटचा महिनाभर ते एक पिस्तूल तुझ्यासाठी आणि अजून फार तर एकासाठी राखून ठेव.

आता पिस्तुलं. कुठलं चांगलं म्हणशील तर स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी, यातलं कुठलंही घे, सगळीच तुझ्या-माझ्या हातापेक्षा कितीतरी अचूक आहेत, क्लॅम्पमध्ये पकडून मारली तर एकाच भोकातून छर्रे घालतात. फरक आहे तो हातात कसं बसतं याचा. मोरिनी सीएम १६२ मध्ये इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मिळतो, एकदम स्वच्छ सुटतो, पण त्याला बॅटरी आणि सर्किट आलं. एलपी १० चा ट्रिगर मेकॅनिकल. पुष्कळ जणांना हे आवडतं, पुष्कळांना ते, तुला काय आवडतं ते तुला अजून माहीतच नाहीये आणि ते माहीत व्हायला मॅचच लागते. मॅच झाल्यावर रेंजवरच्या चारजणांची पिस्तुलं मागून प्रत्येकी वीस शॉट मारून बघ, शूटर लोक या बाबतीत मनाने मोठे असतात, देतात. नवीन घ्यायचं तर दीड-दोन लाखांच्या पुढचा खर्च आहे, त्यासाठी पहिल्या मॅचच्या आधी कर्ज काढू नका असं मिस्टरांना माझ्यातर्फे सांग.

आणि जुनं घ्यायचं झालंच तर सगळ्यात आधी सिलिंडर बघ. त्यात २०० बारपर्यंत हवा भरलेली असते, गाडीच्या टायरच्या कितीतरी पट, आणि त्याच्यावर तारीख कोरलेली असते. साधारण दहा वर्षांची मुदत धरतात. मुदत संपलेला सिलिंडर मॅचला चालत नाही आणि खरं सांगायचं तर तो तोंडाजवळ धरायची वस्तूच नाही. दोन सिलिंडर असतात, दोन्ही बघ. मग भरलेला सिलिंडर लावून रात्रभर ठेवायला सांग, सकाळी गेज खाली आलेलं असेल तर सील गेलेत. ग्रिप कुठल्या साइजची आहे, आधीच्या माणसाने ती किती घासलीये, काकांचा पंजा मोठा असेल तर ती तुझ्या उपयोगाची नाही, म्हणजे ९५ हजारावर ग्रिपचे पैसे वेगळे. बिल आणि सिरियल नंबर जुळतात का ते पण बघ. लायसन्सचं म्हणशील तर ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला ते लागत नाही, आपलं पिस्तूल पाचेक जूलचं असतं. तरी लोकलमधून नेताना कडक केसमध्ये, कुलूप लावून, क्लबचं कार्ड सोबत. डब्यात कोणी विचारलं तरी उघडून दाखवायचं नाही.

पॉइंट टूटूचं एवढंच सांगते, त्याला लायसन्स, गोळ्यांचा खर्च, २५ मीटरची रेंज हे सगळं आलं. राही सरनोबत २५ मीटरमध्ये २०१८च्या एशियन गेम्सचं सुवर्ण घेऊन आली, आपल्या कोल्हापूरची पोरगी, तिचं बघून सगळ्यांनाच ते करावंसं वाटतं, तूही कर पण नंतर. आणि एअर पिस्तूल खेळणं असतं तर पॅरिसमध्ये २०२४ ला मनू भाकरने त्यात दोन ब्राँझ मिळवली ती काय खेळण्यावर?

चष्मा. इथे मी तुला थांबवते, कारण प्रोग्रेसिव्ह चष्म्याने शूट करू नकोस. आपण मान वळवून बघतो तेव्हा नजर काचेच्या मधून जात नाही, कडेने जाते, आणि प्रोग्रेसिव्हमध्ये कडेला सगळं वाकडंतिकडं दिसतं, त्यात मान एक इंच वरखाली झाली की नंबर बदलतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना एक माप घेऊन जा, पिस्तूल धरून उभी राहा आणि कोणाला तरी डोळ्यापासून फ्रंट साईटपर्यंत टेप लावायला सांग, साधारण एक मीटरच्या आसपास येईल. डॉक्टरांना सांग की मला या अंतरावरची काळी पट्टी कडक, स्वच्छ दिसली पाहिजे, लांबचं धूसर चालेल. त्या एका नंबरची साधी काच साध्या फ्रेममध्ये बसवून घे, काच मोठी घे म्हणजे कडेने बघावं लागलं तरी जागा राहील. शूटिंगची खास फ्रेम असते, नोब्लॉख, चॅम्पियन वगैरे, त्यात काच नजरेच्या बरोब्बर आडवी फिरवता येते, छान असते, पुढे घे. दुसरा डोळा मिटायचा नाही, मिटला की उघडा डोळा पण ताणला जातो, त्याच्यासमोर पांढऱ्या कार्डपेपरची पट्टी लाव, रुंदी ३० मिलिमीटरच्या आत, हा नियम आहे. लग्नपत्रिकेच्या पाठीमागचा पुठ्ठा कापला तरी चालतो, मी तेच वापरते.

छर्रे मात्र स्वतःचे घे. चपट्या तोंडाचे, मॅच ग्रेड, आरडब्ल्यूएस आर १० म्हण, एच अँड एन फिनाले मॅच म्हण. कोचला सांगून दोन-तीन प्रकारचे डबे तुझ्या पिस्तुलातून टेकू लावून मारून बघ, ज्याचा ग्रुप लहान येतो, म्हणजे भोकं एकमेकांजवळ पडतात, त्याच लॉटचे मॅच संपेपर्यंत पुरतील एवढे डबे घेऊन ठेव. टोकदार छर्रे कागद फाडतात, गुण मोजताना वाद होतो, ते नको. आणि छर्रा शिशाचा असतो हे विसरू नको, रेंजवरून बाहेर आलीस की साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, घरी लहान मूल असेल तर शूटिंगचे कपडे वेगळे धुवायचे. पावसाळ्यात तर छर्रे काळे पडतात, डब्यात सिलिकाची पुडी टाक, आणि पिस्तूल क्लबचं असलं तरी शूट झाल्यावर नळी आणि साईट तेलाचं बोट लावलेल्या फडक्याने पूस, आपल्या हाताचा घाम आणि वरळीची समुद्राची हवा मिळून लोखंडाचं काही शिल्लक ठेवत नाहीत.

शूज कसले खास, पिस्तूलला घोट्याचं हाड झाकणारा बूट चालतच नाही आणि तळवा वाकणारा हवा. तू ऑफिसला जायला घेतलेले ते जाड स्पंजवाले रनिंग शूज असतील तर ते नको, त्यांच्यावर आपण होडीत उभं असल्यासारखं डुलतो. पातळ सपाट तळव्याचे बॅडमिंटनचे किंवा साधे कॅनव्हासचे बस. जीन्स चालत नाही, ट्रॅक पँट घाल, आणि हे कोणी सांगणार नाही म्हणून मी सांगते, खिसा असलेली घाल! बायकांच्या निम्म्या ट्रॅक पँटना खिसाच नसतो. दुसरा हात खिशात ठेवला की खांदा शांत राहतो. तुर्कीचा युसुफ दिकेच पॅरिसला साधा चष्मा लावून, खिशात हात घालून उभा राहिला आणि मिक्स्ड टीमचं रौप्य घेऊन गेला, सगळ्या जगाला नवल वाटलं, पण खिशात हात हे आपल्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याच्याकडे उपकरणं कमी होती पण मागे कित्येक वर्षांचा सराव होता, एवढं लक्षात घे. पिस्तुलाच्या हातात बांगडी, घड्याळ, स्मार्टबँड, धागा काही नको, पाटल्या घालत असशील तर घरीच काढून ये म्हणजे तिथे सांभाळायची कटकट नाही. कानात साधे फोमचे प्लग घाल, आवाजासाठी नाही, शेजारची कुजबुज ऐकू येऊ नये म्हणून. गाण्याचे इअरबड चालत नाहीत.

घरी पिस्तूल नाही म्हणून सराव नाही असं म्हणू नको. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली साधारण पिस्तुलाच्याच वजनाची असते. रोज रात्री भांडी झाली की भिंतीसमोर उभी राहा, बाटली धर, हात उचल, भिंतीवरच्या टिकलीवर दहा-बारा सेकंद थांब, खाली घे, अर्धा मिनिट आराम. पंधरा वेळा. महिन्याभरात फरक कळतो. रेंजवर गेलीस की पहिली वीस मिनिटं छर्रा न घालता ड्राय मार, कोऱ्या कागदावर, टार्गेट नको, फक्त ट्रिगर सुटताना फ्रंट साईट हलली का एवढंच बघायचं.

मॅचमध्ये ६० शॉट असतात. रेंजवरची जुनी माणसं तुला बायकांना ४० म्हणून सांगतील, ते २०१८ पासून बदललं. आधी १५ मिनिटं तयारी आणि सायटर, म्हणजे सरावाचे शॉट, त्यात कितीही मार, मोजत नाहीत. मग इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर ७५ मिनिटं, कागदी असेल तर ९०. हा वेळ भरपूर आहे, नवीन माणूस घाबरून पस्तीस मिनिटांत उरकतो आणि मग बसून बघत राहतो. हात उचललास आणि मन नाही म्हणालं तर खाली घे, दहा वेळा खाली घे, कोणी काही म्हणत नाही. वाईट शॉट गेला तर पिस्तूल टेबलावर ठेव, पाणी पी, मग पुढचा. अजून एक, पिस्तूल केसबाहेर काढलं की नळीतून आरपार जाणारी ती भडक रंगाची सेफ्टी दोरी लावलेलीच पाहिजे, कमांड झाल्याशिवाय काढायची नाही, दोन दोऱ्या बॅगेत ठेव कारण एक नक्की हरवते.

आणि पिस्तूल मधेच बिघडलं तर? टोकियो ऑलिम्पिकला मनू भाकरचं बिघडलं होतं, मॅच चालू असताना, वेळ गेला, तरी तिने ५७५ मारले आणि फायनल दोन गुणांनी गेली. एवढ्या मोठ्या खेळाडूवर ती वेळ येते तर आपल्यावर पण येऊ शकते. तसं झालं तर पिस्तूल हातात घेऊन मागे वळायचं नाही, तोंड टार्गेटकडेच ठेवून टेबलावर ठेव, हात वर कर, रेंज ऑफिसर येतील. कोचला विचारून क्लबचं दुसरं एखादं पिस्तूल आधीच चेक करून ठेवता येतं का ते बघ.

मॅच बहुतेक रविवारी येईल, म्हणजे सेंट्रलला मेगाब्लॉक. शनिवारी रात्री वेळापत्रक बघून ठेव आणि नेहमीपेक्षा दीड तास आधी निघ, दादरच्या जिन्यांवर धावत आलेला हात पुढचा अर्धा तास थरथरतो, इक्विपमेंट कंट्रोल आदल्या दिवशी असेल तर आदल्या दिवशीच उरकून टाक.

आज एवढं कर, त्या काकांना फोन लाव, म्हण काका, मॅच झाल्यावर बघते, तोपर्यंत दुसऱ्या कोणाला दिलंत तरी माझी हरकत नाही, फक्त दोन्ही सिलिंडरवरच्या तारखेचा फोटो तेवढा व्हॉट्सअॅप करून ठेवा.